दूरध्वनीच्या तारेवरील इंटरनेट : बिघाड कोठे शोधावा?

जून महिन्यात शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पावसालाही सुरुवात होते. शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांची माहिती, ग्रामपंचायतीचे दाखले, करवसुलीच्या नोंदी ही बहुतेक कामे आता संगणकावरून करावी लागतात आणि त्यांतील अनेक कामांना मुदत असते. नेमक्या याच दिवसांत इंटरनेट बंद पडते. दूरध्वनी उचलून पाहावा, तर तो सुरू असतो. मग "फोन चालू आहे, म्हणजे तार ठीक आहे, तेव्हा दोष मॉडेमचा" असा निष्कर्ष काढला जातो. मॉडेम तालुक्याच्या गावी दाखवला जातो, प्रसंगी नवा विकत घेतला जातो आणि आठवडा लोटल्यावर कळते की, मॉडेममध्ये काहीच बिघडलेले नव्हते. खांबावरील पेटीतल्या एका सांध्यात पाणी शिरले होते. तोवर अर्जाची मुदत मात्र संपलेली असते.

गेल्या काही वर्षांत पुष्कळ ठिकाणी तांब्याच्या तारेची जागा काचतंतूने घेतली. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेतून काचतंतू ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम झाले. तरीही जेथे जुनी तारजोडी वापरात आहे, तेथे अडचण वाढलीच आहे, कारण तार जुनी होत चालली आणि ती सांभाळणारे हात कमी झाले. जानेवारी २०२० अखेर भारत संचार निगममधून सुमारे ७८,५०० कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मोठ्या टापूत एखाददुसराच लाइनमन असेल, तर त्याला कोणत्या ठिकाणी काय पाहायचे आहे हे आधी सांगता येणे फार उपयोगाचे ठरते. हे सांगण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

एका तारजोडीवर दोन कामे

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्या काळी मॉडेम दूरध्वनीप्रमाणेच क्रमांक फिरवी आणि आवाजाच्याच वाटेने माहिती पाठवी. त्यामुळे इंटरनेट सुरू असेपर्यंत फोन अडकून पडे आणि वेग कितीही झाला तरी सेकंदाला ५६ किलोबिटच्या पुढे जात नसे. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने, तसेच मुंबई व दिल्लीत महानगर टेलिफोन निगमने, त्याच तारेवर ब्रॉडबँड सेवा आणली. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २५६ किलोबिट वेग ठरविला होता. जानेवारी २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली.

तार तीच राहून वेग वाढला, याचे कारण असे. माणसाचे बोलणे दूरध्वनीवरून नेण्यास सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतकीच कंपनसंख्येची पट्टी पुरते. तांब्याच्या तारेतून याहून कितीतरी अधिक कंपनसंख्येचे संकेत जाऊ शकतात. तो सर्व भाग पूर्वी रिकामा पडून होता. 'एडीएसएल' पद्धतीत सुमारे २५ किलोहर्ट्झपासून १,१०४ किलोहर्ट्झपर्यंतचा, आणि तिच्या सुधारलेल्या 'एडीएसएल-टू-प्लस' या प्रकारात २,२०८ किलोहर्ट्झपर्यंतचा भाग वापरला जातो. या पट्टीचे सुमारे सव्वाचार किलोहर्ट्झ रुंदीचे शेकडो वाफे पाडलेले असतात. सुरू होताना मॉडेम प्रत्येक वाफा तपासतो आणि ज्याला जेवढे झेपेल तेवढेच माहितीचे ओझे त्याच्यावर टाकतो. जो वाफा खराब निघेल तो सोडून दिला जातो.

कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कमी पोहोचते, तोच न्याय येथेही लागू आहे. दूरध्वनी केंद्रापासून अंतर वाढत जाते तसतसा संकेत क्षीण होतो आणि उच्च कंपनसंख्येचे वाफे आधी कोरडे पडतात. केंद्राजवळच्या घरात जी जोडणी १५ मेगाबिटांच्या पुढे जाते, तीच चार किलोमीटरवर तीन-चार मेगाबिटांवर येते. आणखी पुढे गेल्यास ती धरून ठेवणेही कठीण होते. अशा ठिकाणी "शहरात माझ्या भावाकडे एवढा वेग मिळतो, मग येथे का नाही?" या प्रश्नाचे उत्तर तारेच्या लांबीत असते.

सुरुवातीच्या समजाचा खुलासाही यातच आहे. गंजलेला सांधा किंवा ओलसर तार आवाजाच्या खालच्या कंपनसंख्या बऱ्यापैकी जाऊ देते, पण उच्च कंपनसंख्या अडवते. म्हणून फोन स्वच्छ चालतो आणि इंटरनेट बंद असते. याच्या उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक चकवणारा आहे. जोडीतील एक तार पूर्ण तुटली की फोन मुका होतो. परंतु तुटलेली टोके जवळ असल्यास उच्च कंपनसंख्येचे संकेत मधली फट ओलांडून जातात आणि इंटरनेट रडतखडत चालू राहते. फोनची आणि इंटरनेटची स्थिती वेगवेगळी असणे ही गोंधळाची बाब नसून दोष ओळखण्याची पहिली खूण आहे.

तीन हद्दी

बिघाड शोधताना गावाच्या हद्दींप्रमाणे तीन हद्दी कराव्यात : संगणकापासून मॉडेमपर्यंतची घरातील हद्द, मॉडेमपासून दूरध्वनी केंद्रापर्यंतची तारेची हद्द, आणि केंद्र व त्यापलीकडील सेवेची हद्द. दोष कोणत्या हद्दीत आहे ते ठरण्यापूर्वी एकही वस्तू बदलू नये. बहुतेक वेळ आणि पैसा वाया जातो तो हा क्रम मोडल्यामुळे.

हद्द ओळखण्याचे साधन मॉडेमच्या तोंडावरच असते. 'डीएसएल' किंवा 'लिंक' असे लिहिलेला दिवा स्थिर पेटला, म्हणजे मॉडेम आणि केंद्रातील यंत्र यांची गाठ पडली आहे. तार निदान कामापुरती ठीक आहे. तो सतत लुकलुकत राहिला, तर गाठ पडत नाही आणि शोध तारेकडे वळवावा. हा दिवा स्थिर असून 'इंटरनेट' लिहिलेला दिवा बंद किंवा लाल असेल, तर ग्राहकनाव, परवलीचा शब्द, थकलेले देयक किंवा केंद्रापलीकडील सेवा यांपैकी कोठेतरी अडचण आहे. तार तपासत बसण्यात तेथे अर्थ नाही. दोन्ही दिवे नीट असूनही संगणकावर पान उघडत नसेल, तर दोष घरातच आहे.

या शेवटच्या स्थितीत पहिला प्रयोग म्हणजे बिनतारी जोडणी बाजूला ठेवून संगणक केबलने थेट मॉडेमला जोडणे. त्याने काम झाले, तर वायफायचा प्रश्न आहे. कोकणातील जाड जांभ्याच्या भिंती किंवा लोखंडी कपाटामागे ठेवलेला मॉडेम हे त्याचे नेहमीचे कारण असते. केबल लावूनही काम होत नसेल, तर संगणकाला मिळालेला आकडी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला मॉडेमकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता योग्य असून संकेतस्थळ आकडी पत्त्याने सापडते पण नावाने सापडत नाही, असे आढळल्यास नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे इंटरनेटची 'टेलिफोन डिरेक्टरी', काम करीत नाही असे समजावे.

एक सूचना येथेच करणे आवश्यक आहे. मॉडेमच्या मागे बारीक छिद्रात 'रीसेट'चे बटण असते. मॉडेम बंद करून पुन्हा सुरू करणे वेगळे आणि हे बटण दाबणे वेगळे. ते दाबल्याने ग्राहकनाव, परवलीचा शब्द व इतर सर्व मांडणी पुसली जाते आणि एक दोष होता तेथे दोन होतात. भारत संचार निगमच्या एडीएसएल जोडणीत 'व्हीपीआय' शून्य व 'व्हीसीआय' पस्तीस असे दोन आकडेही पुन्हा भरावे लागतात. ही सर्व माहिती कार्यालयाच्या एका वहीत आधीच लिहून ठेवावी.

घरातील तारा

दिवा लुकलुकतो आहे, म्हणजे दोष खांबावरच आहे, असे लगेच म्हणता येत नाही. कारण तारेच्या हद्दीचा शेवटचा तुकडा घरातूनच जातो. खांबावरून आलेली तार भिंतीवरील ज्या छोट्या पेटीत (लाइनमन तिला रोझेट म्हणतात) शिरते, त्या पेटीपासून पुढचे सर्व जोडकाम ग्राहकाचे असते. अनेक शाळांत व कार्यालयांत या पेटीपासून मुख्याध्यापकांच्या खोलीत एक, लिपिकाच्या टेबलावर दुसरी आणि कधीकाळी बसविलेल्या फॅक्ससाठी तिसरी अशा समांतर तारा गेलेल्या असतात. वापरात नसलेली, टोक मोकळे राहिलेली तारदेखील निरुपद्रवी नसते. संकेत त्या फाट्यात शिरून टोकावरून परत फिरतो आणि मूळ संकेतात मिसळून काही वाफे नासवतो.

आवाज आणि इंटरनेट यांना वेगळे करण्यासाठी 'स्प्लिटर' नावाची लहान डबी असते. तिला तीन तोंडे असतात : एक बाहेरच्या तारेचे, एक दूरध्वनीचे आणि एक मॉडेमचे. नेहमी होणारी चूक अशी की, दुसऱ्या खोलीतील फोनची तार या डबीच्या अलीकडूनच फोडलेली असते. मग त्या खोलीत कोणी फोन उचलला किंवा घंटा वाजली की, इंटरनेट तुटते. "रोज अकरा वाजता इंटरनेट जाते" अशा तक्रारीचे मूळ अकरा वाजता येणाऱ्या फोनमध्ये सापडू शकते. उपाय सोपा आहे : बाहेरची तार प्रथम स्प्लिटरमध्ये यावी आणि सर्व फोन त्याच्या पलीकडे असावेत, नाहीतर प्रत्येक फोनला स्वतंत्र गाळणी लावावी.

निर्णायक कसोटी मात्र एकच आहे. सर्व फोन, समांतर तारा व स्प्लिटर काढून मॉडेम एका आखूड दोरीने थेट पहिल्या पेटीला जोडावा आणि दहा-पंधरा मिनिटे पाहावे. दिवा स्थिर झाला, तर दोष घरातील जोडकामात आहे. काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावल्यास दोषी वस्तू सापडते. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर दुसरा मॉडेम त्याच पेटीला लावून पाहावा. शेजारच्या कार्यालयातून तासाभरासाठी मागून आणलेला मॉडेम चालतो. त्याने नव्या खरेदीचा खर्च वाचतो. मॉडेमइतकेच लक्ष त्याच्या वीजपुरवठ्याच्या अडॅप्टरकडे द्यावे. जुना अडॅप्टर दाब कमी देऊ लागला की, मॉडेम दर थोड्या वेळाने आपोआप बंद होऊन सुरू होतो आणि संशय मात्र तारेवर जातो.

यानंतर साधा दूरध्वनी त्याच पेटीला लावून एक अंक दाबावा. डायल टोन थांबते आणि काही सेकंद शांतता असते. त्या शांततेत खरखर, चटचट किंवा विजेची गुणगुण ऐकू आली, तर तारेत दोष आहे हे कानांनी सिद्ध झाले. विज्ञान शिक्षकांकडे मल्टिमीटर असल्यास फोन खाली ठेवलेल्या स्थितीत तारजोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब आढळावा. तो पुष्कळ कमी भरला, तर कोठेतरी गळती आहे. मात्र घंटा वाजते त्या वेळी याच तारेवर ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती दाब येतो, म्हणून उघड्या टोकांना हात लावू नये.

मॉडेम काय सांगतो?

दिवे केवळ होय किंवा नाही सांगतात. त्याहून अधिक माहिती मॉडेमच्या स्वतःच्या पानावर असते. संगणकावर बहुधा १९२.१६८.१.१ हा पत्ता (आकडे इंग्रजीत) टाकल्यास ते पान उघडते. त्यात दोन आकडे शोधावेत.

पहिला 'अटेन्युएशन' किंवा क्षीणन. केंद्रातून निघालेला संकेत घरी पोहोचेपर्यंत किती उणावला ते हा आकडा डेसिबेलमध्ये सांगतो. साधारणतः दर किलोमीटरला १४ डेसिबेलच्या जवळपास क्षीणन धरतात. २० ते ३० पर्यंतचा आकडा उत्तम, ५० च्या पुढचा चिंताजनक आणि ६० च्या पुढचा जवळजवळ निरुपयोगी. दुसरा 'एसएनआर मार्जिन', म्हणजे तारेवरील गोंगाटाच्या वर संकेताला किती मोकळीक उरली आहे त्याचे माप. हे सहाच्या खाली गेले की जोडणी वारंवार तुटते; दहाच्या वर असल्यास निर्धास्त राहावे. पहिला आकडा लहान असावा, दुसरा मोठा असावा, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

या आकड्यांचे खरे मोल तुलनेत आहे. जोडणी उत्तम चालू असताना, कोरड्या दिवशी, ते वहीत टिपून ठेवले पाहिजेत. बिघाड झाल्यावर नुसते पाहिलेले आकडे फारसे बोलत नाहीत. समजा, एका माध्यमिक शाळेत मे महिन्यात क्षीणन ३४ आणि मार्जिन १२ होते. यावरून शाळा केंद्रापासून तारेच्या वाटेने सुमारे अडीच किलोमीटरवर असावी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवसांच्या संततधारेनंतर, क्षीणन ४७ आणि मार्जिन ५ दिसू लागले. शाळा जागेवरच आहे आणि तारेची लांबी वाढलेली नाही. तरी क्षीणन १३ डेसिबेलने वाढले. याचा अर्थ वाटेत एखादा सांधा बिघडला आहे. याउलट क्षीणन ३४ च राहून केवळ मार्जिन १२ वरून ५ वर आले असते, तर तार जशीच्या तशी असून तिच्यावर बाहेरून गोंगाट येत आहे असे समजले असते. दोन्ही वेळी लक्षण एकच, 'इंटरनेट तुटते' हे. पण पहिल्यासाठी लाइनमनने खांबावर चढायला हवे आणि दुसऱ्यासाठी गोंगाट करणारी वस्तू शोधायला हवी.

ती वस्तू शोधण्याचे एक जुने साधन अनेक घरांच्या माळ्यावर पडलेले आहे. मध्यम लहरींची रेडिओची पट्टी ५३१ ते १,६०२ किलोहर्ट्झ अशी असते, म्हणजे इंटरनेट ज्या पट्टीतून धावते तिच्यातच बसते. बॅटरीवरील ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी ठेवून मॉडेम आणि तारेच्या आसपास फिरवावा. हलक्या प्रतीचे चार्जर, एलईडी दिव्यांचे नियंत्रक, इन्व्हर्टर यांच्याजवळ गेल्यावर तो गुरगुरू लागतो. ज्या वस्तूचे बटण बंद करताच गुरगुर थांबते आणि मार्जिन वर चढते, ती वस्तू दोषी. तिला दुरुस्त करावे किंवा तारेपासून दूर हलवावे.

पावसाळा आणि सांधे

केंद्रातून निघालेली जाड केबल रस्त्याकडेच्या कपाटापर्यंत, तेथून लहान केबल खांबावरील वितरणपेटीपर्यंत आणि तेथून उघडी तार घरापर्यंत येते. जमिनीतील केबलमध्ये जेली भरलेली असल्याने तिच्यात पाणी सहसा शिरत नाही. दुबळ्या जागा म्हणजे सांधे : झाकण गेलेली वितरणपेटी, नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, झाडाच्या फांदीला घासून सोललेली तार. अशा जागी तांब्यावर गंजाचा थर चढतो. त्या थराची एक गमतीदार खूण आहे. फोन उचलल्यावर तारेतून जो प्रवाह वाहतो, त्याने तो थर तात्पुरता फुटतो आणि बंद पडलेले इंटरनेट अचानक सुधारते. 'फोन उचलला की इंटरनेट चालते' हे वाक्य हास्यास्पद वाटते, पण लाइनमनला ते सांगावे. त्याला त्यातून खराब सांध्याची स्पष्ट सूचना मिळते.

विजा चमकत असताना मॉडेमची वीज बंद करून लोक निश्चिंत होतात. ते पुरेसे नाही, कारण उघड्यावरून येणारी दूरध्वनीची तार विजेचा दाब थेट आत आणते. वीज कडाडू लागण्यापूर्वी, विशेषतः वळवाच्या दिवसांत, दोन्ही दोऱ्या काढून ठेवाव्यात. वादळ डोक्यावर आल्यानंतर मात्र त्यांना हात लावू नये.

तक्रारीत काय लिहावे?

"इंटरनेट बंद आहे, त्वरित कार्यवाही व्हावी" एवढ्या मजकुराच्या तक्रारीवर केंद्रातून तार तपासली जाते. फोन चालू आढळला तर ती निकालात निघण्याचा संभव असतो. वरच्या शाळेने लिहावयाची तक्रार अशी असेल : दूरध्वनी चालू, परंतु शांततेत खरखर, डीएसएलचा दिवा दर दहा-पंधरा मिनिटांनी लुकलुकतो, मॉडेम थेट पहिल्या पेटीला जोडून व दुसरा मॉडेम लावून पाहिला, फरक नाही, मे महिन्यात क्षीणन ३४, मार्जिन १२, आता क्षीणन ४७, मार्जिन ५, बदल पावसानंतरचा. तक्रार नोंदविल्याचा क्रमांक व तारीख वहीत लिहावी. ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि टपाल कार्यालय यांच्या तारा एकाच वितरणपेटीतून जात असतील, तर सर्वांकडचे आकडे एका पत्रात द्यावेत. चारही ठिकाणी एकाच दिवशी बिघाड झाला असेल, तर दोष पेटीत किंवा तिच्या मागच्या केबलमध्ये आहे. एकाच ठिकाणी असेल, तर पेटीपासून त्या इमारतीपर्यंतच्या तारेत आहे. ग्रामसेवकाने किंवा एखाद्या सदस्याने दुपारभरात करण्यासारखे हे काम आहे.

लाइनमन येईल त्या दिवशी मॉडेमचे पान उघडे ठेवावे. सांधा कापून नवा केल्यावर फोन लावून "आवाज येतो" म्हणून समाधान मानू नये. क्षीणन ४७ वरून पुन्हा ३४ च्या आसपास आले की नाही ते त्याच्यासमोर पाहावे. आकडा ४० वर थांबला असेल, तर वाटेत आणखी एक सांधा शिल्लक आहे आणि शिडी अजून खाली उतरवायची नाही.